नकाशात कोण, सवलतीत कोण: पश्चिम सहाराच्या मासळीबद्दल कोकणातून येणारे प्रश्न

युरोपला मासळी पाठवणाऱ्यांच्या बैठकीत 'मोरोक्कोचा माल एवढा स्वस्त कसा पडतो?' हा प्रश्न निघाला की गाडी हटकून पश्चिम सहारावर येते. रत्नागिरी, हर्णै, मालवण, वेंगुर्ले इथून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत आटोपली आहेत, काही लांबली आहेत; लांबली ती मुद्दाम.

पश्चिम सहारा म्हणजे नक्की कुठला भाग?

आफ्रिकेच्या वायव्य टोकाला, मोरोक्कोच्या खाली आणि मॉरिटानियाच्या वर, अटलांटिकच्या काठावरची वाळवंटी पट्टी. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडंच कमी. वस्ती मात्र काही लाखांचीच. किनारा हजार किलोमीटरहून लांब. तिथे तळाचं थंड पाणी सतत वर येत राहतं, त्यामुळे मासळी अफाट: तारलीच्या जातीचे मासे, बांगडे आणि मुख्य म्हणजे ऑक्टोपस. जमिनीखाली फॉस्फेट. डाखला आणि एल आयून ही दोन मोठी बंदरं.

१९७५ पर्यंत ही स्पेनची वसाहत होती. त्या वर्षी ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, की मोरोक्को आणि मॉरिटानियाचे तिथल्या काही टोळ्यांशी जुने संबंध असतील, पण त्यातून प्रदेशावर सार्वभौमत्व सिद्ध होत नाही. स्वयंनिर्णयाचा हक्क तिथल्या लोकांचाच. पुढच्याच महिन्यात मोरोक्कोने लाखो नागरिकांचा 'हरित मोर्चा' सीमेपलीकडे नेला, स्पेनने काढता पाय घेतला आणि युद्ध पेटलं. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली युद्धबंदी झाली, सार्वमत घ्यायचं ठरलं. ते आजतागायत झालेलं नाही. प्रदेशाचा बराचसा भाग मोरोक्कोच्या ताब्यात आहे. मधून वाळूची लांबलचक तटबंदी गेली आहे आणि तिच्या पलीकडचा भाग पोलिसारियो या सहरावींच्या, म्हणजे तिथल्या मूळ लोकांच्या, संघटनेकडे आहे. सहरावींचा मोठा हिस्सा आजही अल्जीरियातल्या तिंदूफजवळच्या निर्वासित छावण्यांत राहतो.

व्यापार सवलत म्हणजे अनुदान का?

नाही. कोणी कोणाला पैसे देत नाही, आयात करणारा देश ड्युटी कमी घेतो एवढंच. युरोपात गोठवलेल्या कोळंबीवर सर्वसाधारण दर १२ टक्के. जीएसपी या विकसनशील देशांसाठीच्या सवलत योजनेत भारतीय वनामी कोळंबीला तो अनेक वर्षं ४.२ टक्के लागत आला. थायलंडची सवलत संपली तेव्हा त्यांच्या कोळंबीला पूर्ण दर लागू झाला आणि खरेदीदार दुसऱ्या देशांकडे वळले. कंटेनरमागे हा फरक किती होतो ते आपल्या एजंटला विचारा, लगेच आकडा सांगेल.

गंमत अशी, की कोकणातले ज्यांच्या नावाने आपण सगळीकडे मिरवतो ते दोन जिन्नस, आंबा आणि काजूगर, युरोपात कुठूनही आले तरी शुल्क शून्यच. तिथे सवलतीला जागाच नाही. नकाशाचं भांडण तापतं ते मासळी, टोमॅटो, संत्री, कापड अशा ड्युटी लागणाऱ्या मालावरून.

सवलत मालाला मिळते की देशाला?

देशाला, किंवा अधिक नेमकं, करारात किंवा यादीत नाव असलेल्या प्रदेशाला. आता या सगळ्यात कळीचा भाग येतो. देशाची हद्द कुठे संपते हे आयात करणाऱ्याच्या जकात अधिकाऱ्याला ठरवावंच लागतं. परराष्ट्र खातं 'प्रश्न गुंतागुंतीचा आहे' म्हणून वेळ मारून नेऊ शकतं. जकातीच्या टेबलावर कागद आला की शिक्का मारायचा किंवा परत पाठवायचा, तिसरी सोय नाही. म्हणून ज्या वादाला संयुक्त राष्ट्रांत ५० वर्षं उत्तर मिळालं नाही, त्याचं उत्तर टोमॅटोच्या खोक्यावर शोधावं लागतं.

मोरोक्कोच्या सवलतीत पश्चिम सहारा आला कसा?

चोरपावलांनी. युरोपीय संघ आणि मोरोक्को यांच्यातला सहकार्य करार २०००पासून लागू आहे. शेतमाल आणि मासळीच्या सवलती वाढवणारा पुढचा करार २०१२मध्ये आला. दोन्हीत लिहिलं होतं 'मोरोक्कोचा प्रदेश'. तो कुठवर, ते कोणीच लिहिलं नाही. मोरोक्कोने आपल्या बाजूने अर्थ लावला, युरोपच्या जकातीने डोळेझाक केली आणि डाखलाचा माल मोरोक्कोचा म्हणून विनासायास आत जात राहिला. मोघम शब्द ठेवणं हीसुद्धा मुत्सद्देगिरीच असते. फायदा ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला.

मग बिनसलं कुठे?

पोलिसारियोने २०१२च्या कराराविरुद्ध युरोपीय संघाच्या न्यायालयात दावा लावला. ज्यांना युरोपातलं एकही सरकार देश मानत नाही, त्यांनी युरोपच्या कोर्टात युरोपचाच करार ओढला. डिसेंबर २०१५मध्ये खालच्या न्यायालयाने करार पश्चिम सहारापुरता रद्द केला. मोरोक्को एवढा भडकला, की फेब्रुवारी २०१६मध्ये त्याने युरोपीय संघाच्या संस्थांशी संपर्कच थांबवला.

२१ डिसेंबर २०१६ रोजी वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. वरवर पाहता पोलिसारियो हरली. पण कारण वाचलं की चित्र उलटं होतं. न्यायालय म्हणालं: पश्चिम सहारा हा मोरोक्कोपासून वेगळा आणि स्वतंत्र दर्जाचा प्रदेश आहे, मोरोक्कोशी केलेला करार तिथे मुळात लागूच होत नाही, आणि तिथले लोक या करारात तिसरा पक्ष असल्याने त्यांच्या संमतीवाचून त्यांच्यावर काही लादता येणार नाही. करार लागूच नाही, तर तो रद्द कशाला करायचा? दावा फेटाळला आणि मुद्दा मान्य झाला. युरोपच्या बोटींना मोरोक्कोच्या पाण्यात मासे धरू देणाऱ्या मासेमारी करारावरही फेब्रुवारी २०१८मध्ये याच धर्तीचा निकाल आला.

खरं लॉबिंग कधी आणि कसं झालं?

२०१७-१८मध्ये. आतापर्यंत जे मोघम शब्दांवर भागत होतं ते आता उघडपणे लिहून घ्यावं लागणार होतं. युरोपीय आयोगाने मोरोक्कोशी बोलणी करून पत्रांच्या देवाणघेवाणीच्या रूपात दुरुस्ती तयार केली: पश्चिम सहाराचा माल, जर तो मोरोक्कोच्या जकात यंत्रणेच्या देखरेखीखाली असेल, तर त्यालाही मोरोक्कोइतकीच सवलत. सार्वभौमत्वावर अवाक्षर नाही. 'आम्ही प्रदेश कोणाचा ते सांगत नाही, फक्त ड्युटी सांगतो' असा पवित्रा.

आता ही दुरुस्ती युरोपीय संसदेतून पार करून घ्यायची होती. अशा वेळी लॉबिंग करणारे सभागृहात भाषणं ठोकत नाहीत, ते समितीत काम करतात. व्यापार समितीत एका सदस्याकडे विषय सोपवलेला असतो. तो अहवाल लिहितो, दौरे ठरवतो, कोणाला ऐकायचं ते ठरवतो. त्या एका माणसाला पटलं की निम्मं काम झालं. सप्टेंबर २०१८मध्ये समितीचं शिष्टमंडळ त्या प्रदेशात जाऊनही आलं. आणि डिसेंबरात भांडं फुटलं: हा विषय सांभाळणाऱ्या फ्रेंच सदस्या मोरोक्कोशी जवळीक असलेल्या एका प्रतिष्ठानच्या मंडळावर होत्या आणि ते त्यांनी जाहीर केलेलं नव्हतं. समितीतल्या मतदानाच्या तोंडावर त्यांनी ही जबाबदारी सोडली. मतदान मात्र थांबलं नाही. १६ जानेवारी २०१९ रोजी संसदेने ४४४ विरुद्ध १६७ मतांनी संमती दिली, ६८ तटस्थ. जुलैत दुरुस्ती लागू झाली.

आपल्याकडे जिल्हा परिषदेत रस्ता कोणत्या वाडीवरून न्यायचा हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं: एवढं उघड होऊनही अहवालाची दिशा बदलली नाही. माणूस गेला, मजकूर राहिला. चांगलं लॉबिंग असं असतं.

'लोकांची संमती' कोणी आणि कशी घेतली?

इथेच सगळं अडलं. आयोगाने सल्लामसलत केली ती 'संबंधित लोकसंख्येशी': स्थानिक निवडून आलेले प्रतिनिधी, व्यापारी, काही संस्था. बहुतेकांचा सूर अनुकूल होता आणि आयोगाने हिशेब मांडला, की सवलतीमुळे रोजगार आणि गुंतवणूक वाढते. पोलिसारियोने संमती दिली नव्हतीच.

२९ सप्टेंबर २०२१ रोजी खालच्या न्यायालयाने हे सगळं उधळून लावलं आणि ४ ऑक्टोबर २०२४ रोजी वरच्या न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. न्यायाधीशांनी दाखवलेला फरक असा: प्रदेशात आज राहणारी माणसं वेगळी आणि ज्यांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे ते लोक वेगळे. सध्याच्या रहिवाशांत बाहेरून येऊन स्थायिक झालेले पुष्कळ आहेत. उलट मूळ लोकांचा बराच भाग प्रदेशाबाहेर, छावण्यांत आहे. इथल्यांना विचारून तिथल्यांची संमती होत नाही.

न्यायालयाने एक फट ठेवली. स्पष्ट होकार नसला तरी संमती गृहीत धरता येईल, पण करारातून त्या लोकांना नेमका, ठोस, तपासता येण्याजोगा आणि त्यांच्या संपत्तीच्या वापराच्या प्रमाणात लाभ मिळाला पाहिजे. २०१९च्या दुरुस्तीत असं काही नव्हतं. शेतमालाचा करार आणखी १२ महिने चालू द्यावा, तोवर सुधारणा करा, अशी मुदत मिळाली. मासेमारी कराराची मुदत २०२३च्या जुलैतच संपलेली होती, त्यामुळे तिथे मुदतीचा प्रश्नच उरला नाही.

मोरोक्कोकडे एवढा जोर कुठून येतो?

युरोपच्या गरजांतून. आफ्रिकेतून स्पेनकडे निघालेल्या स्थलांतरितांना रोखणं मोरोक्कोच्या हातात आहे. मे २०२१मध्ये दोन राजधान्यांत खटका उडाला, पहारा सैल झाला आणि दोन दिवसांत सुमारे आठ हजार माणसं मोरोक्कोला लागून असलेल्या सेउता या स्पॅनिश शहरात घुसली. पोलिसारियोच्या प्रमुखाला उपचारांसाठी स्पेनने दाखल करून घेतलं, हे त्या रागाचं निमित्त होतं. दहा महिन्यांनी स्पेनने भूमिका बदलून मोरोक्कोच्या स्वायत्तता प्रस्तावाला (प्रदेश मोरोक्कोचाच, कारभार स्थानिकांकडे) पाठिंबा दिला. त्याआधी डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेने मोरोक्कोचं सार्वभौमत्व मान्य केलं होतं, ते मोरोक्कोने इस्रायलशी संबंध जोडले त्याच सौद्यात. जुलै २०२४मध्ये फ्रान्सही त्या रांगेत आला.

एकेका देशाला असं वळवत जायचं आणि मग म्हणायचं, आता जगच मान्य करतंय, तुम्हीच कशाला अडून बसलात? सवलत योजना हा या माळेतला एक मणी. पैसा त्यात आहेच, पण 'युरोपने डाखलाच्या मालाला मोरोक्कोचा दर दिला' हे वाक्य मोरोक्कोला पैशाहून मोलाचं आहे.

आणि पोलिसारियोकडे?

वकील. शिवाय अल्जीरियाचा पाठिंबा, त्यांनी जाहीर केलेल्या सहरावी प्रजासत्ताकाला आफ्रिकी संघाचं सदस्यत्व आणि एक नाजूक हत्यार: माल जिथे उतरतो तिथलं कोर्ट. मे २०१७मध्ये पश्चिम सहाराचं फॉस्फेट घेऊन न्यूझीलंडला निघालेलं 'एनएम चेरी ब्लॉसम' हे जहाज दक्षिण आफ्रिकेच्या पोर्ट एलिझाबेथला तेल-पाण्यासाठी थांबलं आणि कोर्टाच्या हुकुमाने अडकलं. माल कोणाचा हा प्रश्न विचारला गेल्यावर इतर जहाज कंपन्यांनीही तो मार्ग टाळायला सुरुवात केली. ज्याच्याकडे आरमार नाही त्याने विमा आणि भाडं महाग केलं, तरी पुष्कळ होतं.

मुदत संपल्यावर काय झालं?

ऑक्टोबर २०२५च्या सुरुवातीला, मुदत संपता संपता, आयोग आणि मोरोक्कोने पुन्हा पत्रांची देवाणघेवाण केली आणि ती तात्पुरती लागूही केली. सवलत चालू. बदल असा, की मालावर 'मोरोक्को' न लिहिता त्या भागाचं नाव लिहायचं: 'एल आयून-साकिया एल हमरा' किंवा 'डाखला-उएद एद्दहाब'. ही नावं मोरोक्कोच्या प्रशासकीय विभागांची आहेत. 'पश्चिम सहारा' हे शब्द नाहीत. ग्राहकाला वाचून पत्ता लागणार नाही याची पुरेपूर काळजी.

नोव्हेंबरात युरोपीय संसदेत या लेबलला आक्षेप घेणारा ठराव आला. बाजूने मतं जास्त पडली, पण लागणाऱ्या बहुमताला एक मत कमी पडलं. एक.

लेबलवर काय लिहिलंय याने एवढा काय फरक पडतो?

फ्रान्समधल्या एका शेतकरी संघटनेला पडला. डाखलाला खाऱ्या वाऱ्यात, जमिनीतलं पाणी उपसून, चेरी टोमॅटो आणि खरबूज पिकवतात आणि ते ऐन हिवाळ्यात फ्रान्सच्या बाजारात येतात. या शेतकऱ्यांनी मागणी केली, की हा माल रोखा किंवा निदान खरं ठिकाण लिहा. न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजीच सांगितलं: एकट्या देशाला आयात रोखता येणार नाही, पण खरबूज-टोमॅटोवर उगम म्हणून पश्चिम सहाराच लिहावं लागेल. स्वयंनिर्णयाचं तत्त्व आणि टोमॅटोचा भाव इथे एकाच वकीलपत्रावर आले. लॉबिंगमध्ये असं होतंच. तत्त्वाला वाहन लागतं आणि ते बहुधा कोणाच्या तरी पोटापाण्याचं असतं.

आपल्याला हे हापूसवरून चटकन कळावं. ऑक्टोबर २०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. त्याआधी देवगडचं वेगळं, रत्नागिरीचं वेगळं की सगळ्यांचं मिळून एक, यावर किती वर्षं किती बैठका झाल्या ते बागायतदारांना विचारा. झाड तेच, कलम तेच. पण रेघ कुठून जाते त्यावर पेटीचा भाव ठरतो.

असे वादग्रस्त प्रदेश आणखी कुठे सवलतीत अडकलेत?

उत्तर सायप्रसची संत्री आणि बटाटे ब्रिटन वर्षानुवर्षं तिथल्या तुर्की प्रशासनाच्या दाखल्यावर घेत होता. १९९४मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, की ज्या प्रशासनाला तुम्ही मान्यता देत नाही त्याचा दाखला चालणार नाही. लिंबूवर्गीय मालाची ती वाट तिथेच अडली.

इस्रायलच्या व्याप्त भागातल्या वसाहतींसाठी २००५पासून वेगळाच तोडगा आहे: उगमाच्या कागदावर गावाचं नाव आणि पिनकोड. जकात अधिकारी कोड बघतो आणि सवलत देतो किंवा नाकारतो. कोणाच्या सार्वभौमत्वाबद्दल ब्र काढावा लागत नाही.

आणि उत्तर कोरियातलं केसॉंग. दक्षिण कोरियाच्या कंपन्या तिथे उत्तर कोरियाच्या मजुरांकडून माल बनवून घेत. दक्षिण कोरिया प्रत्येक व्यापार करारात 'हा माल आमचाच धरा' म्हणून आग्रह धरायचा. अमेरिकेने तो विषय पुढच्या समितीवर ढकलला. भारताने मात्र १ जानेवारी २०१०पासून लागू झालेल्या करारात तशी तरतूद मान्य केली. केसॉंग २०१६मध्ये बंद पडलं, तरतूद कागदावर राहिली.

पश्चिम सहाराबाबत भारत कोणाच्या बाजूने?

१९८५मध्ये भारताने सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, २०००मध्ये ती काढून घेतली. आता भूमिका संयुक्त राष्ट्रांच्या प्रक्रियेला पाठिंबा, बस्स. मोरोक्कोकडे जगातले सर्वांत मोठे फॉस्फेटचे साठे आहेत आणि आपल्या डीएपी खताच्या गोणीत फॉस्फेट लागतं. एवढं सांगितलं तरी बाकीचं समजतं.

भारताने स्वतः कधी 'अमक्याला सवलत का' म्हणून भांडण काढलंय का?

काढलंय, आणि चांगलं गाजलंही. विकसनशील देशांना ड्युटीत सवलत द्यावी ही कल्पना जिथे मान्य झाली ती परिषद १९६८मध्ये नवी दिल्लीतच भरली होती. युरोपने १९७१मध्ये योजना सुरू केली, अमेरिकेने १९७६मध्ये. पुढे युरोपने अमली पदार्थांशी लढणाऱ्या देशांसाठी जादा सवलतीचा गट काढला, त्यात दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले देश होते. २००२पासून पाकिस्तानलाही त्यात घेतलं. अफगाणिस्तानातल्या युद्धात मदत केल्याची ही बक्षिशी आहे, हे कोणापासून लपलं नव्हतं. फटका बसला आपल्या कापडाला.

भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला. एप्रिल २००४मध्ये अपील मंडळाने सांगितलं, की विकसनशील देशांत फरक करायला हरकत नाही, पण एकसारखी गरज असलेल्या सर्वांना ती सवलत खुली हवी. नावं आधीच ठरवून बंद केलेली यादी चालणार नाही. भारत जिंकला. मग युरोपने निकषांवर आधारलेली जीएसपी प्लस योजना आणली आणि २०१४पासून पाकिस्तान निकष पुरे करून रीतसर तिच्यात जाऊन बसला! दरम्यान २०१०च्या महापुरानंतर पाकिस्तानला द्यायच्या खास सवलतीला भारताने आधी अडवलं आणि नंतर हरकत मागे घेतली, हेही लॉबिंगच.

आपल्यावरही हा वार झाला आहे. अमेरिकेतल्या दुग्ध व्यवसाय आणि वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगांनी तक्रार केली, की भारत आपली बाजारपेठ आम्हाला खुली करत नाही. ५ जून २०१९पासून अमेरिकेने भारताला जीएसपीतून काढलं. त्यासाठी कुठल्या प्रदेशाचा वाद लागला नाही, फक्त चांगले वकील लागले.

कोकणाच्या इतिहासात असं काही घडलंय?

घडलंय. १८७८मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगालने करार करून गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची सीमा काढून टाकली. १८८० ते १८९२ तो चालला. मुरगावचं बंदर आणि घाटावर जाणारी रेल्वे ही त्याचीच फळं. पण मिठाचा मक्ता इंग्रजांना हवा होता, म्हणून गोव्याच्या मिठागरांवर त्यांचं नियंत्रण आलं आणि पोर्तुगीज सरकारला बदल्यात ठरावीक रक्कम दरसाल मिळू लागली. रक्कम सरकारी तिजोरीत, टाच मिठागरवाल्यांच्या पोटावर. बोलणी लिस्बन आणि लंडनमध्ये झाली. मिठागरातल्या माणसाला कोणी विचारलं नाही. पश्चिम सहाराच्या निकालातलं 'तिसरा पक्ष' हे प्रकरण मला इथूनच जास्त नीट कळतं.

ह्या सगळ्याचो आमका काय उपयोग?

हा प्रश्न मालवणहून आला, जसा आला तसाच ठेवला आहे. उपयोग तीन ठिकाणी.

पहिला, भावात. म्हाकूळ आणि ऑक्टोपस युरोपात विकणाऱ्याला डाखलाच्या मालाशी टक्कर द्यावी लागते. त्यांना ड्युटी माफ, वर स्पेन हाकेच्या अंतरावर. या सवलतीवर पुढचा निकाल काय येतो त्याकडे लक्ष असू द्या.

दुसरा, कागदात. गोठवलेल्या मासळीच्या खोक्यावर पकड क्षेत्राचा आकडा असतो. आपला अरबी समुद्र एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) क्षेत्र ५१मध्ये येतो. डाखलाच्या खोक्यावर ३४ असतं, पण क्षेत्र ३४ मोरोक्कोपासून खाली गिनीच्या आखातापलीकडेपर्यंत पसरलंय. त्या आकड्यावरून मासा कोणाच्या पाण्यातला ते कळत नाही. म्हणून युरोपने २०१०पासून पकड प्रमाणपत्र आणलं: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, कुठल्या बंदरात उतरवलं, किती किलो. आपल्याकडे ते एमपीईडीए, म्हणजे समुद्री उत्पादनांच्या निर्यातीचं केंद्रीय प्राधिकरण, तपासून देतं. 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा तो बोटीचा क्रमांक तांडेल रंगवून घेतो तेव्हा कटकट वाटते. पण उद्या कोणी विचारलं, की हा मासा कोणाचा, तर उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

तिसरा, उगमाच्या नियमात. जीएसपीच्या नियमांप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत पकडलेला मासा भारताचा. त्यापलीकडे समुद्र बघत नाहीत, बोट बघतात: नोंदणी कुठली, झेंडा कोणाचा, मालकी निदान निम्मी कोणाची.

सवलत असली की माल जातोच ना?

छे. २०१४च्या मे महिन्यापासून युरोपने भारतीय आंबा बंद केला होता, फळमाशी सापडली म्हणून. बंदी जानेवारी २०१५मध्ये उठली, तोवर एक हंगाम गेला. ड्युटी तेव्हाही शून्यच होती.

बाहेरून कच्चा ऑक्टोपस आणून रत्नागिरीत साफ करून, पॅक करून युरोपला पाठवला तर तो भारतीय ठरेल का?

जीएसपीत नाही. मासळीचा नियम कडक आहे: वापरलेला सगळा मासा पूर्णपणे त्याच देशाचा हवा. साफ केला, कापला, पुन्हा गोठवला, तरी उगम बदलत नाही. माल डाखलाचा असेल तर ड्युटीचा दर हा त्यातला छोटा प्रश्न. मूळ पकड प्रमाणपत्रावर बोटीचा झेंडा आणि बंदर काय लिहिलंय ते आगाऊ मागवून घ्या, खरेदीदाराला लेखी कळवा आणि त्याचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय न्हावा शेवाला कंटेनर बुक करू नका.